एकच पेप्टाइड कुठे शीर फुगवतं, कुठे आवळतं – हे काय गौडबंगाल?

सांखळीकर | रविवार, रात्री ९.५२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. मी कॉमर्सचा माणूस, शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

आईला (वय ७१) बीपी आहे. गेल्या चवथीच्या आधी रामिप्रिल नावाची गोळी चालू झाली आणि महिन्याभरात खोकला लागला. कोरडा. कफ नाही, ताप नाही, नुसती रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ढास. आधी वाटलं पावसाची ओल, मग वाटलं माटोळी बांधताना धूळ गेली असेल, मग मार्चमध्ये शेजारच्या काजूच्या भट्टीच्या धुरावर खापर फोडून झालं. ज्येष्ठमध झालं, सुंठ झाली, हळदीचं दूध झालं, एक्स-रे झाला, तो स्वच्छ. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या, रामिप्रिलवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही कधीपासून? बदलून टेल्मिसार्टन दिली. मी म्हटलं बीपीच्या गोळीचा नि खोकल्याचा संबंध काय, तर म्हणाले "ब्रॅडिकायनिन साठतं" आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

घरी येऊन शोधत बसलो आणि जास्तच गोंधळलो. ब्रॅडिकायनिन हे पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा बारीकसा तुकडा. ते रक्तवाहिन्या रुंद करतं. ठीक. पुढच्याच पानावर, सशाच्या महाधमनीला ते आवळतं. मग एंडोथेलिन नावाचं दुसरं पेप्टाइड सापडलं, ते उंदराला टोचलं की बीपी आधी खाली जातं आणि मग चढतं ते उतरायचं नाव घेत नाही. अरे मग ठरवा ना एकदा काय ते. आमच्यात एकच एंट्री डेबिट पण आणि क्रेडिट पण असं चालत नाही.

कुणी साध्या भाषेत सांगेल का?

---

खोलामिरची | रविवार, रात्री १०.०५

कॉमर्सवाले ना तुम्ही? डबल एंट्रीत प्रत्येक एंट्री डेबिट पण असते आणि क्रेडिट पण. 😀

आईंना बरं वाटू दे. धागा वाचतेय.

---

घाटावरचा_पाहुणा | रविवार, रात्री १०.११

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. आता कुणीतरी किल्ली-कुलूपाचं ठरलेलं उदाहरण काढणार बघा.

---

पिपेट | रविवार, रात्री ११.३०

किल्ली-कुलूप काढणार नाही, प्रॉमिस.

मी एम.फार्म. केलं तेव्हा दीड वर्ष ह्याच कामात होते म्हणून जरा लांबण लावते. आम्ही उंदराच्या (पांढरा मोठा उंदीर, रॅट) छातीतली महाधमनी काढायचो. ती जाड शेवयीसारखी दिसते. तिच्या तीन-चार मिलिमीटरच्या चकत्या कापायच्या, भेंडीची कापतो तशा, आणि एकेक चकती दोन बारीक तारांच्या हुकांत अडकवून काचेच्या नळकांड्यात टांगायची. नळकांड्यात मिठाचं ठराविक द्रावण, ३७ अंशांवर, त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. खालचा हुक पक्का, वरचा एका यंत्राला जोडलेला जे ताण मोजतं. तासभर तिला नुसतं टांगून ठेवायचं, मधेमधे पाणी बदलायचं, आणि मग औषध घालायचं. चकती आवळली की स्क्रीनवरची रेघ वर चढते, सैल पडली की उतरते. तुमचं सगळं गौडबंगाल ह्या एका रेघेत दिसतं.

आता माझी फजिती. पहिला महिनाभर माझी रेघ उतरायचीच नाही. आधी फिनाइलेफ्रिन घालून चकती आवळून घ्यायची, मग असिटिलकोलीन घातलं की ती सैल पडायला हवी, पुस्तकात तसं छापलंय. माझी ढिम्म. औषध बदललं, द्रावण नव्याने केलं, एक दिवस तर रडले. सिनियरनी माझा हात बघितला आणि म्हणाली, तू चिमट्याने आत खरवडतेयस. रक्तवाहिनीच्या आतून पेशींचं एकच थराचं अस्तर असतं, एंडोथेलियम, ते माझ्या चिमट्याने पुसलं जात होतं. सैल पडायचा निरोप स्नायूला ते अस्तर देतं. अस्तर गेलं की निरोप द्यायलाच कुणी नाही, आणि खालच्या स्नायूवर थेट पडलेलं असिटिलकोलीन उलट आवळतं.

गंमत म्हणजे हेच सगळं आधी रॉबर्ट फर्चगॉट नावाच्या मोठ्या माणसाचं झालेलं आहे. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या असिटिलकोलीननं आवळायच्या. मग प्रयोगातल्या एका चुकीमुळे दिसलं की ती सैलसुद्धा पडते. पट्टी कापताना आतली बाजू घासली जात होती आणि अस्तर जात होतं, एवढंच. १९८० साली ते छापलं, अस्तरातून निघणारा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू हे पुढे कळलं, आणि १९९८ ला नोबेल. मला सिनियरचा ओरडा मिळाला.

तर सांखळीकर, पेप्टाइडवर "रुंद करणारं" किंवा "आवळणारं" असा शिक्का नसतो. ते कुठल्या पेशीवरच्या कुठल्या रिसेप्टरवर (म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर) जाऊन बसलं त्यावर ठरतं. ब्रॅडिकायनिन अस्तरावरच्या बी-२ रिसेप्टरवर बसलं की नायट्रिक ऑक्साइड सुटतो, वाहिनी रुंद. सशाच्या महाधमनीच्या स्नायूवर बी-१ नावाचा दुसरा रिसेप्टर असतो, तिथे पोचलं की ती आवळते. रेणू तोच, नऊ अमिनो आम्लांचा.

एंडोथेलिनचं उद्या लिहिते, डोळे मिटतायत.

---

मांडवीकाठ | सोमवार, सकाळी ६.४०

आत्ता पोदेर (पाववाला) आला होता आणि मला तुमचा धागा आठवला. त्याचा भोंपू एकच, पों पों. आमच्या घरी बायको पिशवी घेऊन धावते, समोरचा कुत्रा त्याच्या सायकलच्या मागे लागतो, वरच्या मजल्यावरचा नाइट ड्युटीवाला कानावर उशी घेतो आणि शिव्या घालतो. भोंपूचा अर्थ "पाव घ्या" आहे की "भुंक" आहे? ऐकणारा कोण त्यावर आहे. बरोबर ना पिपेटबाय?

---

पिपेट | सोमवार, सकाळी ८.१५

एकदम बरोबर, फक्त एक भर. अस्तराचे घरवाले पिशवी घेऊन धावतात म्हणून कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत नाही. त्यांना गावाला पाठवा, मग नुसता कुत्रा ऐकू येतो. खरवडलेली चकती म्हणजे तेच.

---

घाटावरचा_पाहुणा | सोमवार, सकाळी ८.२०

किल्ली-कुलूप परवडलं.

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, दुपारी ३.१०

सांखळीकर, तुमच्या मातोश्रींच्या गोळीचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे काय? तो आपल्याला परका नाही. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला आणि आपण त्याची फेणी केली. ही गोळीसुद्धा मुळात ब्राझीलचीच.

तिथे जराराका नावाचा विषारी साप आहे, आपल्या चापड्याच्या कुळातला, डोळा आणि नाकपुडीच्या मधे खळगा असतो तो. १९४९ साली साव पावलोत मौरिसियु रोशा इ सिल्वा (नाव वाचून पणजीतल्या कुणाचं वाटेल) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या सापाचं विष कुत्र्याच्या रक्तातल्या प्रथिनांत मिसळलं. त्यातून जे तयार झालं ते गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर घातलं तर आतडं आकसलं, पण सावकाश. म्हणून ब्रॅडी म्हणजे मंद आणि कायनिन म्हणजे हालचाल करणारं. बघा, ज्याला आपण रक्तवाहिनी रुंद करणारं म्हणतो त्याचं बारसंच आतडं आवळल्यावरून झालेलं आहे.

पुढे त्यांच्याकडचे सर्जिओ फेरेरा ह्यांनी १९६५ साली दाखवलं की त्याच विषात असेही छोटे पेप्टाइड आहेत जे ब्रॅडिकायनिनला लवकर तुटू देत नाहीत. साप चावला की भक्ष्याचं बीपी का कोसळतं ह्याचं एक कारण ते. फेरेरा ती पुडी घेऊन लंडनला जॉन वेन ह्यांच्याकडे गेले, तिथून ती कल्पना अमेरिकेत स्क्विब कंपनीत पोचली, कुशमन आणि ओंडेट्टी ह्या दोघांनी त्यावरून कॅप्टोप्रिल बनवलं आणि १९८१ साली ते तिथे मंजूर झालं. एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्याची धाकटी भावंडं. म्हणजे मातोश्री गेले वर्षभर सापाचं विष घेत होत्या.

---

पिपेट | सोमवार, दुपारी ४.०२

मास्तर, सगळं सुंदर, फक्त शेवटचं वाक्य मागे घ्या. गोळीत सापाचा थेंब पण नाही. विषातले पेप्टाइड तोंडाने घेतले तर पोटातच पचून जातात, म्हणून त्यांचा नुसता नमुना बघून वेगळा छोटा रेणू कारखान्यात तयार केला. उगाच कुणी घाबरून गोळी टाकायचा.

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, दुपारी ४.३०

मागे घेतलं. चाळीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या, आता आमच्या निघतायत.

---

सडेतोड | सोमवार, संध्याकाळी ७.४५

सगळं वाचलं. उंदीर, ससे, कुत्रे, गिनीपिग. माणूस कुठाय? उंदराच्या चकतीवर काय झालं ते माझ्या आजीला का लागू व्हावं? आणि ह्याच गोळ्यांनी खोकला होतो हे आता स्वतःच कबूल करताय. आमच्याकडे सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या, मीठ बंद, विषय संपला. केमिकल हवंच कशाला.

---

खोलामिरची | सोमवार, संध्याकाळी ८.००

सडेतोड, मीठ कमी करा ते शंभर टक्के मान्य. पण गोळी सोडा असं इथे लिहू नका. आमच्या मामांनी असंच कुणाचंतरी ऐकून गोळी बंद केली, "मला काही होत नाही" म्हणत. बीपी दुखत नाही हो, कळणार कसं. एक दिवस चहाचा कप हातातून पडला आणि तो हात परत उठला नाही. लसूण रोज खायचे ते.

---

गोरवांचा_डॉक्टर | सोमवार, रात्री ९.२०

जनावरांचा डॉक्टर आहे म्हणून माझा हक्क बनतो इथे बोलायचा. सडेतोडांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. प्राण्याप्राण्यांत फरक असतो आणि तो चांगलाच असतो.

ऑक्सिटोसिन घ्या. नऊ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, गाय पान्हवते ते ह्याच्यामुळे. त्याचं भावंड व्हॅसोप्रेसिन, नवातली दोनच अमिनो आम्लं वेगळी, नावातच "वाहिनी दाबणारं". डुकरात त्यातलं अजून एक बदललेलं असतं, आर्जिनिनच्या जागी लायसिन. सस्तन प्राण्यात व्हॅसोप्रेसिन भरपूर दिलं की बीपी चढतं. आता कोंबड्याकडे या. त्याला ऑक्सिटोसिन टोचलं की बीपी खाली येतं, आणि ते इतकं भरवशाचं की पूर्वी ऑक्सिटोसिनच्या औषधाची ताकद मोजायचीच ती अशी. कोंबड्याला भूल द्यायची, बीपी बघत राहायचं, औषध टोचायचं, किती उतरलं ते मोजायचं. यंत्रं आली आणि कोंबडे सुटले.

म्हणून उंदरावरून थेट आजीवर उडी मारू नये हे खरं. पण त्यासाठीच तर मधे माणसांवर चाचण्या होतात. कोंबड्यावरून कुणी बीपीची गोळी लिहून देत नाही.

अजून एक गंमत. सांखळीकरांच्या आईंना जी टेल्मिसार्टन मिळाली ती मांजरांनाही देतात. म्हाताऱ्या मांजरांच्या किडन्या जातात, बीपी चढतं, कधीकधी तर मालक "मांजर आंधळं झालं" म्हणून घेऊन येतो आणि बीपी बघावं तर आभाळाला. (डोस वेगळा असतो, आईची गोळी मोडून मांजराला घालू नका, मी लोकांना ओळखतो.)

---

घाटावरचा_पाहुणा | सोमवार, रात्री ९.३१

मांजराचं बीपी कुठे बघतात पण?

---

गोरवांचा_डॉक्टर | सोमवार, रात्री ९.३८

पुढच्या पायाला किंवा शेपटीला लहान पट्टा बांधून. डॉक्टरचं बीपी मात्र ओरखड्यांवरून कळतं.

---

पिपेट | सोमवार, रात्री ११.०५

आता एंडोथेलिन. सांखळीकरांचा खरा प्रश्न तोच होता.

१९८८ साली जपानमध्ये त्सुकुबाला यानागिसावा आणि मासाकी ह्यांच्या गटाने डुकराच्या महाधमनीतलं अस्तर बाटलीत वाढवलं आणि त्यातून हे २१ अमिनो आम्लांचं पेप्टाइड काढलं. म्हणजे जे अस्तर सैल पडायचा निरोप देतं तेच आवळायचाही देतं. फर्चगॉटनंतर सगळे अस्तराला देवमाणूस समजत होते, त्यांना हा धक्काच.

त्याचे रिसेप्टर दोन, ए आणि बी. बी अस्तरावर असतो. उंदराच्या शिरेत एंडोथेलिन सोडलं की आधी तो जागा होतो, नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सुटतात, बीपी टपकन खाली. पण हे थोडाच वेळ. मग स्नायूवरचा ए कामाला लागतो आणि एंडोथेलिन एकदा तिथे चिकटलं की सुटता सुटत नाही, म्हणून चढलेलं बीपी तासभर वर राहतं. तुमची "आधी डेबिट मग क्रेडिट" ही भानगड ती. त्यातून बी रिसेप्टर काही वाहिन्यांच्या स्नायूवरही असतो आणि तिथे तो पण आवळतो, म्हणजे नुसतं रिसेप्टरचं नाव सांगूनही भागत नाही, पत्ता पण लागतो.

फुफ्फुसातल्या वाहिन्यांचं बीपी चढतं त्या आजारात हे दोन्ही रिसेप्टर अडवणारं बोसेंटान देतात, २००१ पासून.

मास्तरांसाठी खास: इस्रायलकडच्या एका बिळात राहणाऱ्या सापाच्या विषात सॅराफोटॉक्सिन सापडलं, तेही १९८८ च्याच सुमारास. २१ अमिनो आम्लं, घडण जवळजवळ एंडोथेलिनसारखीच. चावला की हृदयाच्याच धमन्या आवळतात. एक साप बीपी पाडून मारतो, दुसरा धमन्या आवळून, आणि दोघांची हत्यारं आपल्याच शरीरातल्या निरोपांशी नातं सांगणारी.

---

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ७.०५

दंडवत.

---

रापणकार | मंगळवार, सकाळी १०.४०

सापावर बरंच झालं, माशावर कुणीच बोलत नाही म्हणजे काय, गोव्यात आहात ना?

खाजनातल्या चिखलात उड्या मारणारी निवटी बघितलीय का? तिच्याच गोबी गोतावळ्यातली एक चिखलातली मासळी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आहे. माशाच्या शेपटीच्या मुळाशी, मज्जारज्जूच्या टोकाला एक छोटी गाठ असते. त्या मासळीच्या तसल्या गाठीतून १९८० साली युरोटेन्सिन-२ नावाचं पेप्टाइड काढलं. मग कळलं माणसातही ते आहे. माशात १२ अमिनो आम्लं, माणसात ११, पण मधलं सहाचं कडं दोघांत सारखंच. मी मत्स्यशास्त्र शिकलोय, नंतर बापाची होडी घेतली, पण हे विसरलो नाही, कारण परीक्षेत चुकलं होतं.

---

पिपेट | मंगळवार, सकाळी ११.२५

रापणकार, भारी आठवण केलीत! आणि सडेतोडांच्या प्रश्नाला ह्याच्याएवढं चांगलं उदाहरण नाही. १९९९ मध्ये माकडांच्या धमन्यांवर युरोटेन्सिन एंडोथेलिनपेक्षाही जोरात आवळतं असं दिसलं आणि सगळीकडे खळबळ. मग लोक इतर प्राण्यांवर करायला बसले. रॅटच्या महाधमनीच्या छातीतल्या भागावर जोरदार, पण त्याच वाहिनीवर पोटाकडे सरकत जा, परिणाम विरत जातो. छोट्या उंदराच्या महाधमनीवर काहीच नाही. आणि माणसाच्या पोटातल्या आणि फुफ्फुसातल्या बारीक धमन्यांचे तुकडे घेतले तर त्या उलट चक्क सैल पडल्या. एकच पेप्टाइड, एकच वाहिनी, चार बोटं पुढे गेलं की उत्तर वेगळं.

---

सडेतोड | मंगळवार, दुपारी १.१०

मग मी काय वेगळं म्हणत होतो?

---

पिपेट | मंगळवार, दुपारी १.१४

एवढंच की लसूण.

---

खोलामिरची | मंगळवार, रात्री ८.३०

माझ्या आयडीला जागून विचारते. काल हुमणात मिरची जास्त झाली, नवरा लालबुंद, नाकातून पाणी, घाम. हा पण पेप्टाइडचाच प्रताप का?

---

पिपेट | मंगळवार, रात्री ९.१५

बराचसा हो. मिरचीतलं कॅप्सायसिन दुखणं आणि चटका कळवणाऱ्या नसांना डिवचतं, आणि त्या नसांच्या टोकातून सीजीआरपी आणि सबस्टन्स पी ही पेप्टाइडं बाहेर पडतात. सीजीआरपी रक्तवाहिनी रुंद करण्यात पटाईत. सबस्टन्स पी जरा जुनं, १९३१ सालचं, फॉन ऑयलर आणि गॅडम ह्यांनी घोड्याच्या आतड्यातून आणि मेंदूतून काढलेलं.

घरबसल्या बघायचंय? हाताची आतली बाजू पुढे करा आणि बंद पेनाच्या टोकाने, रक्त येणार नाही असं पण जरा दाबून, एक रेघ ओढा. काही सेकंदांत रेघ लाल होईल. ती तिथल्या तिथेच असते. थांबा. अर्ध्या मिनिटात रेघेच्या दोन्ही बाजूंना, जिथे पेन लागलंच नाही तिथे, लालसर झाक पसरेल. कुणाकुणाला मग रेघ फुगून वर पण येते. थॉमस लुईसनी १९२७ मध्ये हे तिन्ही टप्पे नीट लिहून ठेवले. ती बाजूला पसरलेली लाली नसांमुळे असते, त्वचेची नस मेलेली असेल तर ती येत नाही. हलकेच ओढली तर उलट पांढरी रेघ उमटते, तिथे बारीक वाहिन्या आवळतात. म्हणजे आवळणं आणि रुंद होणं दोन्ही, एकाच हातावर, दाब किती त्यावर.

---

मांडवीकाठ | मंगळवार, रात्री ९.४०

फेरीबोटीत बसून रेघा ओढतोय. शेजारची बाई लांब सरकली.

---

खोलामिरची | मंगळवार, रात्री ९.५२

माझी फुगली! एकदम टरारून. आणि मला मायग्रेन आहे, सीजीआरपी हे नाव माझ्या डॉक्टरच्या तोंडून ऐकलंय.

---

पिपेट | मंगळवार, रात्री १०.०५

रेघ फुगली ती हिस्टामिनची करामत, पुष्कळांची फुगते, त्याचा मायग्रेनशी संबंध लावू नका. पण सीजीआरपीचा आहे. मायग्रेनवाल्यांना शिरेतून सीजीआरपी दिलं तर कित्येकांचं डोकं दुखायला लागतं. त्याला अडवणारी औषधं २०१८ पासून आलीत. तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

---

घाटावरचा_पाहुणा | बुधवार, सकाळी ९.००

सांखळीकर गायब. धागा काढून पळाले. खोकल्याचं कुणी सांगितलंच नाही अजून.

---

पिपेट | बुधवार, सकाळी ९.४५

अरे हो. थोडक्यात, एसीई नावाचं एक एन्झाइम आहे, कात्री समजा. ते दहा अमिनो आम्लांच्या अँजिओटेन्सिन-१ ची शेपटी कापून आठांचं अँजिओटेन्सिन-२ करतं, जे वाहिन्या जोरात आवळतं. आणि तीच कात्री ब्रॅडिकायनिनचे तुकडे करते. रामिप्रिलने कात्री बंद पडली की आवळणारं कमी बनतं आणि रुंद करणारं जास्त टिकतं, बीपीला दोन्हीकडून फायदा. पण ब्रॅडिकायनिन नि सबस्टन्स पी श्वासनलिकेकडेही साठतात आणि तिथल्या नसांना खाजवत राहतात, त्यातून तो कोरडा खोकला, असं मानतात. साधारण दहातल्या एकाला होतो, बायकांना जास्त. टेल्मिसार्टन कात्रीला हात लावत नाही, अँजिओटेन्सिन-२ जिथे जाऊन बसतं ती खुर्चीच अडवते.

पण ह्या प्रिल-गोळ्यांवर असताना कुणाचे ओठ किंवा जीभ सुजली तर धागा वाचत बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा. तेही ब्रॅडिकायनिनच, पण दुर्मिळ.

---

सांखळीकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.२०

पळालो नव्हतो, मार्च एंडची राहिलेली रिटर्न्स. सगळं दोनदा वाचलं. पिपेटबाय, मास्तर, डॉक्टर, रापणकार, सगळ्यांना देव बरें करूं. भोंपूवाल्यांना विशेष.

खोकला दुसऱ्या आठवड्यात कमी झाला आणि परवापासून नाही. गेले तीन दिवस घरात रात्री इतकं शांत आहे की मीच उठून बघून येतो आई बरी आहे ना. बीपी १३२ वर ८०.

मास्तरांची सापाची गोष्ट आईला सांगितली, पिपेटबायच्या दुरुस्तीसकट. ती म्हणाली, बरं झालं, मी वारुळाला दूध घालते ते फुकट नाही गेलं. मी म्हटलं आई, साप ब्राझीलचा. तर म्हणे, काजू पण तिथलाच ना. पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

मांजराचं मात्र सांगायला नको होतं. तेव्हापासून रोज गोळी घेताना विचारते, त्या मांजराला पण एवढीच महाग पडते का?

---

गोरवांचा_डॉक्टर | रविवार, रात्री ८.५०

आईंना सांगा मांजराचं औषध पातळ असतं, सिरिंजने तोंडात घालावं लागतं, आणि त्यांच्या गोळीपेक्षा बरंच महाग. शिवाय मांजर ते निम्मं माझ्या शर्टावर थुंकतं.